भर पावसात नवखं शहर बघताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

शहर नवखं, हाताशी एकच दिवस आणि अंदाज दिवसभर पावसाचा, तर बेत रद्द करू का, असं तू विचारलंयस. मुळीच करू नकोस. फक्त कोरड्या दिवसासाठी केलेली यादी तशीच रेटू नकोस. सहा ठिकाणं असतील तर तीन ठेव. छत्री झटकणं, रेनकोट उतरवणं, पुन्हा चढवणं यात प्रत्येक दाराशी पाच-दहा मिनिटं जातात.

'उद्या पाऊस ८० टक्के' हा आकडा फक्त शक्यता सांगतो. किती वेळ आणि किती जोराचा, हे त्यातून कळत नाही. म्हणून तासातासाचा अंदाज बघ आणि निघताना रडारचा नकाशा उघड. पावसाचे पट्टे कुठून कुठे सरकताहेत ते त्यात दिसतं. पुढच्या तास-दोन तासांपुरता त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. उघडीप दिसली की आधी उघड्यावरचं बघून घे. संग्रहालय मात्र दार उघडतं त्या वेळेलाच गाठ, कारण सर कोसळली की सगळी गर्दी तिकडेच वळते. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधी थांबतो. तेवढं आधी तपासून ठेव.

दिवसाचा विचका करतात ते ओले मोजे. भिजून मऊ पडलेली कातडी बुटात घासली जाते आणि दुपारपर्यंत फोड येतात. मोज्यांचे दोन जादा जोड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घे. जीन्स नकोच. जाड सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि लवकर वाळत नाही. वारा असेल तर छत्रीचा हट्ट सोड, रेनकोटच घाल. पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण धूळ आणि तेलकटपणा पाण्यात मिसळून वर आलेला असतो. लोखंडी झाकणं, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि झिजून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या यांवर पाय सपाट टाक.

पडद्यावर थेंब पडले की फोन ते बोटच समजतो आणि नकाशा भलतीकडे सरकतो. नकाशा आधीच उतरवून घे. मुक्कामाचा पत्ता कागदावर पेन्सिलीने लिहून खिशात ठेव, शाई फुटते. वातानुकूलित दालनातून दमट हवेत आलास की थंड काचेवर वाफ धरते. बाहेर पडण्याआधीच कॅमेरा पिशवीत बंद कर आणि वीस-तीस मिनिटं तसाच राहू दे. काच पुसत बसण्यात अर्थ नाही, ती थंड आहे तोवर पुन्हा धुरकटते.

आता ज्यासाठी हा दिवस वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं, ते सांगतो. पावसात शहराचं बांधकाम बोलायला लागतं. एखाद्या जुन्या इमारतीसमोर आडोशाला दहा मिनिटं उभा राहा आणि छपरावरच्या पाण्याचा माग काढ. ते उतारावरून पन्हाळीत येतं, तिथून नळात किंवा भिंतीबाहेर काढलेल्या दगडी तोंडातून खाली पडतं. ते तोंड भिंतीपासून इतकं पुढे का काढलंय, हे धार पडताना बघितल्यावरच कळतं: पाणी पायाशी मुरू नये म्हणून. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडी आत, बोटभर रुंदीची खाच आहे का बघ. पाणी पृष्ठाला चिकटून आत भिंतीकडे सरकू पाहतं. खाचेशी ती वाट तुटते आणि थेंब तिथेच गळतो. जिथे खाच नाही किंवा बुजली आहे, तिथे भिंतीवर काळे ओघळ दिसतील. कोरड्या दिवशी ते नुसते डाग वाटतात.

फोटो काढायचे तर थेंबांच्या मागे प्रकाश हवा आणि त्यामागे काहीतरी गडद हवं. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसतच नाही. दिवे लागल्यावर डबक्याच्या अगदी जवळ फोन धर, प्रतिबिंब पूर्ण मिळतं.

रात्री मुक्कामी पोचलास की बुटांचे आतले तळवे काढून वेगळे वाळव आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब. तासाभराने ते ओले झालेले काढून कोरडे घाल. हीटरला टेकवू नकोस, सोल उकलतो. छत्री उघडीच ठेव, मिटलेली राहिली तर काड्या गंजतात आणि कापडाला कुबट वास धरतो.

तुझा शुभचिंतक