छोटं वाइनचं दुकान काढायचं आहे, सुरुवातीला किती माल भरावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वाइनची मनापासून आवड आहे, थोडे पैसे साठलेत, नोकरी सोडून फक्त वाइनचं एक छोटं दुकान काढायचंय आणि पहिल्याच दिवशी निदान तीनशे प्रकारच्या वाइन फळीवर हव्यात. नऊ वर्षं असंच एक दुकान चालवतेय, म्हणून लिहायला बसले. आवड राहू द्या. तीनशेचा आकडा मात्र आजच खोडा.

साधा हिशेब करा. तीनशे नावं, प्रत्येकाच्या सहा बाटल्या, म्हणजे 1800 बाटल्या. नव्या दुकानातून दिवसाला 20 बाटल्या गेल्या तर ग्राहकी बरी म्हणायची. म्हणजे 90 दिवसांचा माल तुम्ही पैसे मोजून मांडून ठेवला. बरं, तो सगळा सारखा हलतही नाही. चाळीस-पन्नास नावांना उठाव असतो, बाकीची धूळ खातात. उठाव असलेली दोन-तीन आठवड्यांत संपतात, ती पुन्हा मागवायला पैसे लागतात आणि पैसे धूळ खाणाऱ्या बाटल्यांत अडकलेले असतात. दुकान गच्च भरलेलं दिसतं आणि भाड्याच्या तारखेला पोटात गोळा येतो. मला रीस्लिंग ही पांढरी वाइन फार आवडते, म्हणून पहिल्या वर्षी मी अकरा तऱ्हेच्या रीस्लिंग आणल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच शेवटी मीच संपवल्या.

ऐंशी ते शंभर नावांवर सुरुवात करा. त्यातली साठेक अशी असू देत की कुणीही रोजच्या जेवणासोबत सहज उघडेल. दहा-पंधरा भेट द्यायला शोभतील अशी, आणि उरलेल्या जागेत तुमची हौस. एक अख्खी फळी मोकळी राहिली तरी चालेल. महिन्याभरात लोक काय मागून परत गेले ते वहीत लिहून ठेवा, ती फळी आपोआप भरते.

नफ्याच्या गणितात बहुतेक नवे लोक एकाच ठिकाणी फसतात. 100 ला घेतलेली बाटली 150 ला विकली की 50 टक्के सुटले असं वाटतं. विक्रीच्या हिशेबाने ते 33 टक्केच. भाडं, पगार, वीज, फुटलेल्या बाटल्या, चव दाखवायला उघडलेल्या बाटल्या, सगळं त्या 33 मधूनच जातं. पुरवठादार सांगेल, दहा पेट्या घ्या, एक फुकट. बिल चुकतं करायच्या तारखेआधी त्या दहा विकल्या जाणार असतील तरच हो म्हणा, नाहीतर ती फुकटची पेटी सगळ्यात महाग पडते.

परवान्याचे नियम जागेगणिक बदलतात, त्यात मी शिरत नाही. एवढंच पाहा की भाडेकरारावर सही आधी आणि परवान्याचा अर्ज नंतर असं होऊ देऊ नका. परवाना नाकारला गेला तर करार रद्द आणि डिपॉझिट परत, हे कलम लिहून घ्या.

आता साठवण. इथे मी चांगलीच पोळलेय. सुरुवातीला दर्शनी खिडकीत रोझेच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. पारदर्शक काच, दुपारचं ऊन, गुलाबी रंग असा काही चमकायचा की लोक थांबून बघायचे. दीड महिन्याने एक बाई बाटली घेऊन परत आल्या. काही न बोलता त्यांनी बूच काढून माझ्या नाकाशी धरली. उकडलेल्या कोबीचा वास! उजेडाने वाइन अशी बिघडते, आणि पारदर्शक काचेत तर फार लवकर. ओळीतल्या उरलेल्या बाटल्या मी एकेक करून मोरीत ओतल्या. आता खिडकीत फक्त रिकाम्या बाटल्या असतात.

तापमान 12-14 अंशांच्या आसपास राहिलं तर उत्तम. थोडं वरखाली असलं तरी चालतं, पण ते स्थिर हवं. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार वाईट. नैसर्गिक बुचाच्या बाटल्या फार दिवस राहणार असतील तर आडव्या ठेवा म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या राहिल्या तरी बिघडत नाही. आणि दाराजवळ एक फ्रिज हवाच, पांढऱ्या आणि फसफसणाऱ्या वाइनसाठी. संध्याकाळी येणाऱ्याला ती त्याच रात्री प्यायची असते. माझ्याकडे सगळ्यात जास्त विक्री त्या फ्रिजमधूनच होते.

जुनी तितकी चांगली, हे बहुतेक वाइनना लागू नाही. बाजारातल्या बऱ्याचशा वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या म्हणूनच बनतात. मागे राहिलेली स्वस्त पांढरी वाइन 'मुरतेय' अशी स्वतःची समजूत घालू नका, वेळीच किंमत उतरवून काढून टाका.

कधीतरी कुणी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येणारी बाटली परत आणेल. तो बुचाचा दोष असतो, टीसीए नावाच्या रसायनामुळे येणारा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, तब्येतीला अपाय नसतो. वाद न घालता बाटली बदलून द्या, आणि उरलेली वाइन ओतून न देता पुरवठादाराला दाखवून भरपाई मागा.

मोठ्या दुकानाशी किमतीत तुम्ही टिकणार नाही. टिकाल ते बोलण्यावर. 1976 ची पॅरिसमधली ती प्रसिद्ध चाखणी तुम्हाला ठाऊक असेल, फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला क्रमांक दिला ती. ती भरवणारा स्टीव्हन स्परियर पॅरिसमध्ये एक छोटं वाइनचं दुकानच चालवायचा. मला त्या स्पर्धेपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. 1973 मध्ये त्याने वाइन शिकवणारी शाळाही काढली होती. चव ओळखायला शिकलेला माणूस पुढची बाटली आपल्याकडूनच नेतो, हे मी आठवड्यातून एकदा चवीसाठी चार बाटल्या उघडते तेव्हा दर वेळी अनुभवते.

गिऱ्हाईक 'ड्राय द्या', म्हणजे गोड नसलेली द्या, म्हणतं तेव्हा शब्दावर जाऊ नका. अनेकांना त्यातून फक्त 'आंबट नको' म्हणायचं असतं. मागच्या वेळी कुठली आवडली होती ते विचारा. बजेट तोंडाने विचारलेलं लोकांना अवघड वाटतं, म्हणून मी तीन किमतींच्या तीन बाटल्या समोर ठेवते आणि हात कुठल्या बाटलीकडे जातो ते बघते.

नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. सुट्टीच्या दिवशी तीन महिने कुणाच्या तरी दुकानात फुकट राबा, आणि माल उतरतो त्या दिवशी नक्की जा. बारा बाटल्यांची पेटी पंधरा किलोच्या घरात जाते. अशा चाळीस पेट्या आत नेऊन झाल्यावर, संध्याकाळी पाठ काय म्हणते ते मला इथे कळवा.