फळ्यांच्या जमिनीखाली साचणारे पाणी: संप पंप बसवावा का आणि कसा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: फोंडा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या जुन्या चिरेबंदी घराच्या पुढच्या दोन खोल्यांची जमीन फळ्यांची असून तिच्याखाली सुमारे अडीच फुटांची पोकळी आहे, गेल्या पावसाळ्यात तिथे वीतभर पाणी साचले, तुळयांना बुरशी धरली आणि प्लंबरने अर्ध्या अश्वशक्तीचा संप पंप, म्हणजे खड्ड्यात जमलेले पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप, बसवायला सांगितले आहे. तो बसवावा का, कसा बसवावा आणि वीज गेली तर काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी अभियंता नाही. परंतु डिचोली तालुक्यातील आमच्या घराला हाच त्रास होता आणि तो दूर करण्यात माझे तीन पावसाळे गेले, म्हणून सविस्तर लिहितो. पंप जरूर बसवावा, पण तो सर्वांत शेवटी. पंप खड्ड्यात आलेले पाणी बाहेर टाकतो, येणारे पाणी थांबवत नाही. शिवाय ज्या रात्री पाऊस सर्वाधिक कोसळतो त्याच रात्री आपल्याकडे वीज जाते. त्यामुळे पंपावर पडणारा भार आधी जितका कमी करता येईल तितका करावा आणि मग उरलेल्या पाण्यासाठी पंप योजावा.

पाणी येते कोठून, हे प्रथम पाहावे लागते. चिऱ्याची खाण आपण पाहिली असेल, तर वरचा जांभ्याचा थर कठीण पण छिद्राछिद्रांचा असतो आणि त्याखाली पांढरट-पिवळसर, गुळगुळीत शेडी, म्हणजे चिकण माती, लागते, हे आपल्या लक्षात आले असेल. पावसाचे पाणी जांभ्यातून सहज खाली उतरते, शेडीपाशी अडते आणि उताराकडे सरकत जाऊन डोंगराच्या पायथ्याशी पाझरते. जुलैमध्ये पायथ्याच्या घरांत जमिनीतून पाणी वर येते त्याचे कारण हेच आहे. गोव्यात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो; तेव्हा हा पाझर पूर्णपणे बंद करणे कोणाच्याही हाती नाही. मात्र पोकळीतील सगळे पाणी पाझराचेच असते, असे मुळीच नाही.

आपल्या छपराचा हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर १२० चौरस मीटरचे असेल आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसात केवळ कौलांवरून १२,००० लिटर पाणी खाली येते. पागोळ्यांचे हे पाणी जोत्यालगत जिरत असेल तर ते भिंतीखालून पोकळीत उतरणारच. पन्हळी लावून ते पाणी घरापासून दूर नेणे आणि जोत्याभोवती निदान तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी घालणे, ही दोन कामे पंपापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

आपल्या घराला राजांगण, म्हणजे घराच्या मधला उघडा चौक, असेल तर पुढचा मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. राजांगणात चारही बाजूंच्या छपरांचे पाणी पडते आणि ते घराखालून जाणाऱ्या झाकलेल्या मोरीतून बाहेर निघते. आमच्या घरी ही मोरी फळ्यांच्या खोलीखालूनच जाते. दोन वर्षे आम्ही पाझराला दोष देत राहिलो. तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, शिगम्याला आणलेल्या गुलाबी रंगाची उरलेली पुडी बादलीभर पाण्यात कालवून मी राजांगणाच्या मोरीत ओतली, वर आणखी दहा-बारा बादल्या पाणी सोडले आणि विजेरी घेऊन पोकळीच्या तोंडाशी बसलो. पाच-सात मिनिटांत समोरच्या कोरड्या, धुळीने माखलेल्या चिऱ्यांच्या सांध्यातून गुलाबी ओघळ बाहेर पडला आणि जमिनीवर पसरू लागला. परसातल्या फणसाच्या मुळीने मोरीचा एक सांधा उचलला होता. तेवढा भाग उघडून पीव्हीसीचा नळ टाकल्यावर त्या पावसाळ्यात पोकळीतले पाणी निम्म्याहून कमी झाले. ही परीक्षा आपण खणण्याआधीच करावी. तिला खर्च काहीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. घर डोंगरउतारावर असेल तर वरच्या अंगाला, घरापासून काही अंतरावर आडवा चर खणून त्यात खडी आणि सच्छिद्र नळ घातला की पाझराचे बरेचसे पाणी घराखाली येण्यापूर्वीच बाजूने निघून जाते. त्याचप्रमाणे पोकळीतले पाणी खालच्या अंगाला पंपाशिवाय वाहून जाईल का, हेही तपासावे. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिचे एक टोक पोकळीच्या तळाशी आणि दुसरे अंगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात धरले की पातळीतला फरक लगेच कळतो. शंभर फुटांना एक फूट उतार मिळाला तरी साधा नळ पुरतो, आणि त्या नळाला वीज लागत नाही. तो मिळत असेल तर पंपाचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही पाणी येत असेल तर पंप. येथे एका शब्दाविषयी सावध करतो. आपल्या दुकानांत संप म्हणजे नळाचे पाणी साठवण्याची जमिनीखालची टाकी, त्यामुळे संप पंप मागितला तर ते पाणी गच्चीवर चढवणारा पंप दाखवतील. आपल्याला ड्रेनेजचा सबमर्सिबल हवा आहे, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा, गढूळ पाणी चालणारा आणि फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप आपोआप चालू-बंद करणारा तरंगता खटका) असलेला. बोअरवेलचा सबमर्सिबल यासाठी घेऊ नये. त्याच्या बारीक वाटा गाळाने बसतात. बाहेर ठेवण्याचा टुल्लू पंपही नको, कारण त्यात आधी पाणी भरून हवा काढावी लागते आणि दर वेळी ते करायला रात्री कोणी जागे नसते.

खड्डा पोकळीच्या सर्वांत खालच्या जागी घ्यावा, पण भिंतीला लागून कधीही घेऊ नये. जुन्या भिंती मातीच्या सांध्यांवर उभ्या असतात. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर भिंतीपासून सोडावे. अमेरिकेतील घरांच्या चित्रफितींत सुमारे १८ इंच व्यासाचे तयार पिंप वापरलेले दिसते, कारण तिकडे अनेक घरे अशा पोकळीवरच उभी असतात आणि हे सगळे सामान संचरूपात मिळते. आपल्याकडे शोषखड्ड्यासाठी मिळणारी दोन फूट व्यासाची सिमेंटची रिंग अधिक बरी. दोन फुटी रिंगेत एक फूट पाणी उपसले तर सुमारे ८५ लिटर निघतात आणि पंप पाऊण मिनिट तरी सलग चालतो. लहान पिंपात तो दहा-बारा सेकंदांत थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि अशा चालू-बंद होण्यानेच मोटार लवकर जळते. अडीच फुटांच्या पोकळीत वाकून रिंग उतरवणे सोपे नाही, त्यासाठी दोन-तीन फळ्या काढाव्या लागतील. मेस्ताला, म्हणजे सुताराला, आधी बोलवावे, गवंड्याला नंतर.

रिंगेला बाजूने भोके पाडून बाहेरून जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) गुंडाळावे आणि भोवती वीतभर जाडीची धुतलेली खडी भरावी. हे कापड टाळू नये, असे मी आग्रहाने सांगतो. कापड नसेल तर पाण्याबरोबर बारीक माती रोज थोडी थोडी बाहेर जाते; पंप उत्तम चालला आहे असे वाटत असताना जोत्याखाली पोकळ होत असते. पंपातून पहिले एक-दोन दिवस गढूळ पाणी येणे ठीक, पण त्यानंतरही लाल पाणी येत राहिले तर पंप बंद करून कारण शोधावे. त्याच कारणाने खड्डाही गरजेपेक्षा खोल करू नये. आपल्याला जमिनीतील पाण्याची पातळी खाली न्यायची नाही, ती पोकळीच्या तळापासून वीतभर खाली राखायची आहे, एवढेच.

किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा, याचे उत्तर दुकानदाराला नव्हे, खड्ड्याला विचारावे. मुसळधार पावसात खड्डा उपसून घ्या आणि एका मिनिटात पाणी किती चढते ते पट्टीने मोजा. दोन फुटी रिंगेत प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे २.८ लिटर होतात. आमच्याकडे जुलैच्या पावसात मिनिटाला चार सेंटिमीटर चढले, म्हणजे ११ लिटर. अर्ध्या अश्वशक्तीचा ड्रेनेज पंप एवढ्या कमी उंचीवर याच्या कितीतरी पट पाणी सहज फेकतो, त्यामुळे आपल्या प्लंबरने सांगितलेला आकार पुरेसा आहे. एक अश्वशक्तीचा घेऊन उपयोग होणार नाही, तो फक्त अधिक वेळा चालू-बंद होईल.

पंप थेट तळावर न ठेवता दोन विटांवर किंवा चिऱ्याच्या तुकड्यावर ठेवावा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. वर जाणारा नळ दीड इंची असावा. त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर पंप थांबताच नळातले पाणी परत खड्ड्यात येते. आणि व्हॉल्व्ह व पंप यांच्या मध्ये नळाला तीन मिलिमीटरचे एक भोक पाडावे. हे भोक प्लंबर विसरतात. ते नसेल तर कोरड्या दिवसांत पंपात अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि पहिल्या पावसात मोटार नुसती घरघरते, पाणी उचलत नाही. फ्लोट दोरीवर लोंबणारा असेल तर तो रिंगेच्या कडेला अडकत नाही ना, हे हाताने फिरवून पाहावे. खड्ड्यावर बसते झाकण हवे. उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या आठवड्याभरात तयार होतात.

नळाचे बाहेरचे तोंड कुठे सोडायचे, येथे माझी चूक झाली होती. मी ते जोत्यापासून चार फुटांवर, केळीच्या आळ्यात सोडले. पंप दिवसरात्र चालत राहिला आणि पोकळी काही कोरडी होईना, कारण तेच पाणी मातीतून फिरून परत येत होते. नंतर नळ चाळीस फूट वाढवून उताराखालच्या व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) नेला तेव्हा पंप तासातून दोन-तीनदाच चालू लागला. जागा सपाट असेल तरी निदान दहा फूट अंतर ठेवावे. पाणी शेजाऱ्याच्या बांधावर किंवा रस्त्यावर सोडू नये, आणि सार्वजनिक गटारात सोडायचे असेल तर पंचायतीला आधी विचारावे. स्वतःच्या विहिरीत किंवा शौचालयाच्या टाकीत तर ते कधीच सोडू नये. पोकळीतल्या पाण्याला दुर्गंधी येत असेल तर शोषखड्डा फुटला आहे, असे समजून आधी तो दुरुस्त करावा.

विजेचे काम मात्र स्वतः करू नये. पंपासाठी वेगळी जोडणी, नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवा. प्लगची जागा फळ्यांच्या वर, भिंतीवर असावी. पाणी साचलेले असताना प्लग काढल्याशिवाय पोकळीत हात किंवा पाय घालू नये, आणि आत उतरताना बाहेर दुसरा माणूस असलाच पाहिजे. पावसाळ्यात अशा कोरड्या कोपऱ्यांत साप आश्रयाला येतात, म्हणून आधी विजेरीने सगळीकडे पाहावे.

वीज गेल्यावर काय, हा आपला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालू असताना सहाशे-सातशे वॉट घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या तिप्पट किंवा अधिक घेते. दिवे-पंख्यांसाठी घेतलेला घरचा लहान इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. मी वेगळा मार्ग घेतला. होड्यांच्या तळातले पाणी उपसण्यासाठी १२ व्होल्टचे छोटे पंप असतात आणि आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळतात. असा पंप मुख्य पंपापेक्षा थोडा वर, स्वतःच्या फ्लोटसह आणि स्वतंत्र नळाने बसवला. तो सुमारे चार ॲम्पिअर घेतो. १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी शक्ती वापरली तरी बारा तास सलग चालतो. मिनिटाला अकरा लिटरांसाठी तो पुरेसा आहे.

पंप पाणी काढतो, ओल काढत नाही. पोकळीच्या मातीवर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, सांध्यांवर फूटभर चढवून आणि भिंतीवर वीतभर वर घेऊन अंथरला की मातीतून उठणारी वाफ फळ्यांपर्यंत पोहोचत नाही. जोत्याचे झरोके पूर्ण बंद करून यंत्राने हवा कोरडी करण्याचा परदेशी सल्ला आपल्या घरांना सरसकट लागू करू नये. फळ्यांच्या सांध्यांतून हवा सतत खेळत असते. मात्र त्या खोलीत एसी असेल तर थंड झालेल्या फळ्यांच्या खालच्या बाजूला दव धरते, तेव्हा पावसाळ्यात तिथे तो न लावलेला बरा. किंदळ आणि फणसाचे जुने लाकूड चिवट असते, तरी सतत ओले राहिले तर तेही कुजते. सुरीचे टोक तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी दाबून पाहा, सहज आत गेले तर मेस्ताला ते दाखवावे.

आता मृग जवळ आला आहे, त्यामुळे यंदा खड्डा घाईने खणू नका. ओल्या मातीत खणलेली बाजू ढासळते. रंगाची परीक्षा आणि पन्हळी एवढे आताच करा, पाणी साचलेच तर भाड्याच्या पंपाने उपसा, आणि पोकळीच्या भिंतीवर रंगाने इंचांच्या खुणा करून रोज सकाळी पाण्याची पातळी आणि आदल्या दिवशीचा पाऊस वहीत लिहीत जा. पाऊस थांबल्यावर पाणी काही तासांत उतरत असेल तर ते छपराचे किंवा मोरीचे आहे. चार-पाच दिवस तसेच राहत असेल तर पाझराचे. चवथीपर्यंतची ती वही आणि मोरीच्या परीक्षेचा निकाल येथे कळवलात तर खड्ड्याची जागा आणि खोली ठरवायला मी आनंदाने मदत करीन.