मवाळ लाट निवडताना: लाँगबोर्डवर हात बसू लागलेल्या एका मुलीला पत्र

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

जानेवारीतल्या दहा दिवसांच्या सर्फिंगसाठी तू श्रीलंकेतल्या तीन जागा काढल्यास, वेलिगामा, मिदिगामा आणि अरुगम बे, आणि विचारलंस की यांतली सगळ्यात लहान लाट कुठली. अरुगम बे आधी खोडून टाक. तो पूर्व किनारा. जानेवारीत ईशान्य मोसमी वारा थेट त्याच्या अंगावर येतो, पाणी खळबळलेलं असतं. तिथला मोसम साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर. तोच ईशान्येचा वारा दक्षिण किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल तिथली लाट नीट आकारात राहते. उरल्या दोन जागा, एकमेकींपासून पाच-सहा किलोमीटरवर. त्यांच्यातली निवड मात्र नुसत्या उंचीवरून करू नकोस.

कर्नाटकातल्या मुळकीत दोन मोसम काढल्यावर तू न फुटलेली लाट स्वतः पॅडल मारून (हातांनी पाणी वल्हवून) पकडतेस आणि दहातल्या पाच-सहा वेळा तिरकी निघतेस. अजून तीन गोष्टी कच्च्या आहेत: फेसाच्या भिंतीतून नऊ फुटी बोर्ड बाहेर नेणं, उशिरा मिळालेला टेक-ऑफ (लाट पकडून बोर्डावर उभं राहणं) आणि माणसं चुकवत बोर्ड वळवणं. या तिन्हींची रोज परीक्षा होणार नाही अशी जागा आपल्याला शोधायची आहे. सर्फर जिला मवाळ लाट म्हणतात ती याच अर्थाने, आणि ती कधी कधी लहान लाटेपेक्षा उंचही असते.

लाट तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोल पाण्यात फुटते. मीटरभर लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात. तळ हळूहळू उथळ होत आला तर माथ्यावरून फेस सांडत सांडत ती उतरते. बोर्ड आधीच सरकायला लागतो आणि उभं राहायला तुला वेळ मिळतो. तळ एकदम वर आला तर तीच मीटरभर लाट पुढे वाकून आपटते. लाँगबोर्डचा लांब नोज, म्हणजे पुढचं टोक, अशा उभ्या भिंतीत मावत नाही, पाण्यात घुसतो आणि तू त्याच्या पुढे फेकली जातेस. म्हणून अनोळखी वाळूवर आधी बोर्डाशिवाय चालत पाण्यात जा. तीस-चाळीस पावलांनंतरही पाणी कमरेखालीच असेल तर तळ सपाट आहे. पाच-सहा पावलांत छातीला लागलं तर तिथली लाट गुडघाभर दिसली तरी नको.

दुसरी गोष्ट खांद्याची. लाट एका ठिकाणी फुटायला लागते आणि फुटणं आडवं सरकत जातं. पुढचा न फुटलेला उतरता भाग तो खांदा. काठावर उभी राहून लाट फुटू लागल्यापासून खांदा संपेपर्यंतचे सेकंद मनात मोज. पाच किंवा त्याहून जास्त भरले तर तुझ्यासारखीला उभं राहून, दिशा धरून, थोडं सरकायला वाव आहे. दोन-तीनच भरले तर उभी राहीपर्यंत सगळं फेसात जाईल. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट एकाच क्षणी कोसळत असेल, तर तो क्लोजआउट. तिथे कितीही सराव केलास तरी तिरकं जायला शिकणार नाहीस, कारण जायला जागाच नाही.

आता पिरियड. इथे बहुतेक जण चुकतात. अंदाजाच्या ॲपवर उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो. दोन लाटांमधला हा वेळ लाटेची लांबी ठरवतो. खोल समुद्रात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर, १५ सेकंदांच्या लाटेची सुमारे ३५० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीपासून लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे पहिलीला ५० मीटर खोलीवर, दुसरीला १७५ मीटरवर. दुसरी फार आधीपासून तळाशी घासत, मंदावत, उंचावत येते आणि काठाशी पोचते तेव्हा ॲपवरच्या १ मीटरची बरीच उंच, जाड आणि जोरकस झालेली असते. ॲपवर दोन्हींची उंची मात्र एकच लिहिलेली होती.

हे वेलिगामाला लावून बघ. वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव. आपल्या ग्रामाचाच तो भाऊ. नावाप्रमाणे दोनेक किलोमीटरचा वाळूचा अर्धगोल उपसागर, तळ सपाट, दगडांची धास्ती कमी. ८ ते ११-१२ सेकंद आणि मीटरच्या आत उंची असेल तर लाटेची रांग ठिकठिकाणी तुटलेली येते, वाळूच्या उंचवट्यांवर वेगवेगळे माथे फुटतात आणि प्रत्येकाला खांदा असतो. १४-१५ सेकंदांची भरदार लाट आली की रांग लांबच लांब, सरळ येते आणि सरळ वाळूच्या पट्ट्यावर एकदम कोसळते. त्या दिवशी ‘वेलिगामा नवशिक्यांसाठी’ असं कोणी कितीही सांगो, तुझ्यासाठी तिथे आत ढकलणारा फेस आणि बाहेर क्लोजआउट एवढंच उरतं.

लांब पिरियडच्या दिवशी रीफची, म्हणजे पाण्याखालच्या दगड-प्रवाळाच्या तळाची, जागा जास्त सरळ वागते, आणि मिदिगामाचा विचार तेव्हा आधी करायचा. रीफचा तळ हलत नाही, म्हणून लाट रोज त्याच ठिकाणी, त्याच दिशेला फुटते. शेजारी खोल पाण्याची वाट असते, जिथे लाट फुटत नाही. या चॅनलमधून बाहेर गेलं तर केसही न भिजता लाइनअपपर्यंत, म्हणजे लाटेची वाट बघत थांबायच्या जागेपर्यंत, पोचता येतं. फेसातून बोर्ड नेण्याची तुझी उणीव तिथे झाकली जाते. मिदिगामातली लेझी राइट आणि लेझी लेफ्ट ही नावं त्या लाटांच्या संथपणावरूनच आली आहेत. तुझा डावा पाय पुढे असतो, तेव्हा राइटवर, म्हणजे तुझ्या उजवीकडे फुटत जाणाऱ्या लाटेवर, लाट तुझ्या तोंडासमोर राहील. सुरुवात तिथून कर. लेफ्टवर लाटेकडे पाठ येते, ती नंतर. त्याच पट्ट्यातल्या राम्सकडे मात्र फिरकू नकोस. ती उथळ दगडांवरची, वेगवान, पोकळ फुटणारी लाट आहे आणि काठावरून बघताना फसवी सुंदर दिसते.

रीफवर भरती-ओहोटीचा हिशोब बदलतो. मुंबईला उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक बघायची आपल्याला सवय, म्हणून श्रीलंकेतला मीटरच्या आतला फरक तू सोडून देशील. तसं करू नकोस. दगडावर सव्वा मीटर पाणी असताना अर्धा मीटर कमी झालं तर उरतं पाऊण मीटर. लाट तितकीच राहिली तरी ती जास्त उभी फुटते आणि पडल्यावर अंगाखालचं पाणी बरंच कमी झालेलं असतं. ओहोटी तळाला पोचण्याच्या आधी-नंतरचे दीड-दोन तास रीफवर जाऊ नकोस. मधली ते भरती हीच तुझी वेळ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास हे जास्त कडक पाळ. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत फरक थोडा असतो, तेव्हा जरा सैल चालेल. पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही. पाठीवर किंवा कुशीवर, हातपाय पसरून, जितकं वरच्यावर पडता येईल तितकं पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर. उभं राहायला तळ चाचपडू नकोस, तिथे समुद्री साळू, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी, असतात. पायात पातळ रीफ बूट घाल. प्रवाळाने खरचटलं तर गोड्या पाण्याने भरपूर धू, आत अडकलेले कण काढ, जंतुनाशक लाव आणि जखम सुकेपर्यंत पाण्यात जाऊ नकोस. ओल्यात त्या जखमा फार चिघळतात.

वाऱ्यासाठी शाळेतला भूगोल पुरतो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. ते लाटेला थोडं धरून ठेवतात, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. ऊन तापलं की खारे वारे उलट येतात आणि लाट मोडून टाकतात. जानेवारीत तिथे साडेसहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे साडेसहा ते नऊ-दहा ही तुझी शाळा. दुपारी झोप काढ, संध्याकाळी वारा पडला तर परत जा.

पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं काठावर बसायचंच. लाटा जथ्याने येतात: तीन-चार-पाच मोठ्या (हा एक सेट), मग शांतता. पाच मिनिटं पाहिलंस तर ती शांतताच खरी वाटेल आणि सेट डोक्यावर येईल. निदान दोन सेट बघ, त्यांतलं अंतर मोज, सगळ्यात मोठी लाट तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या कुठे लागते ते बघ. कमरेपर्यंत उत्तम, छातीपर्यंत चालेल. डोक्याएवढी असेल तर त्या दिवशी चहा पी आणि बघत बस. मग लोक बाहेर कुठून जातात आणि आत कुठून येतात ते शोध. फेसात पाण्याचा एखादा गडद, शांत दिसणारा पट्टा असेल तर पाणी तिथून समुद्राकडे ओढलं जातंय. रीफवर तीच बाहेर जायची वाट असते. वाळूवर तिच्यात अडकलीस तर काठाकडे झुंजायचं नाही, काठाला समांतर आडवं पॅडल मारायचं, आणि बोर्ड कधीही सोडायचा नाही.

आत गेल्यावर जागा हरवते. मच्छीमार करतात तसं दोन खुणा एका रेषेत धर: पुढे एखादा माड, मागे घराचं छप्पर. त्या एकमेकींपासून सरकल्या की समजायचं, ओढ तुला वाहून नेतेय. दर सेटनंतर खुणा तपास.

बोर्ड तिथेच भाड्याने मिळेल. तुझ्या ५५-६० किलोंना ९ फूट ते ९ फूट ४ इंच, साडेबावीस इंच रुंद, तीन इंचांच्या जवळ जाड असा घे. पहिले दोन-तीन दिवस वेलिगामात मऊ फोमचा, कारण तिथे चुकून आपटलाच तर कमी लागेल. मिदिगामात गेलीस तर फायबरचा. घेताना उलटा करून बघ: तडे, चिकटपट्टी लावलेली भोकं, हाताला दबणारी जागा. पाणी प्यायलेला बोर्ड जड होतो आणि लाट पकडत नाही. फिन, म्हणजे बोर्डाखालचं पातं, हलवून बघ, स्क्रू घट्ट आहे का. मधली मोठी फिन खाचेत मागे सरकवली तर बोर्ड सरळ आणि स्थिर चालतो, पुढे घेतली तर सहज वळतो. तू आधी मागे ठेव, चार दिवसांनी बोटभर पुढे घे. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, बोर्डाएवढी, नऊ फुटी. भाड्याच्या लीशचा वेल्क्रो आणि बोर्डाशी बांधलेली दोरी याच दोन जागी ती तुटते, म्हणून लीश स्वतःची इथूनच ने. मेण गरम पाण्याचं घे, थंड पाण्याचं तिथे वितळून जाईल.

गर्दीबद्दल थोडं कडक लिहिते. नऊ फुटी बोर्ड आणि नऊ फुटी लीश मिळून अठरा फुटांचा दोर होतो. तू बोर्ड सोडलास तर तुझ्या मागच्या साडेपाच मीटरमधलं कोणीही जखमी होऊ शकतं. फेस आला की टर्टल रोल: दोन्ही रेल (बोर्डाच्या कडा) खांद्यांपाशी घट्ट, नोज सरळ लाटेकडे, उलटी हो, बोर्ड अंगाशी ओढ, लाट गेली की परत वर. कमरेपर्यंतच्या फेसात हे जमतं, छातीएवढ्या फेसात बोर्ड हातातून हिसकला जातो. वर उंचीची मर्यादा घातली ती म्हणूनच. वेलिगामात भाड्याच्या बोर्डांच्या रांगा जिथे दाट, तिथून दोन-तीनशे पावलं चालत जा. जरा कमी चांगला माथा पण आजूबाजूला मोकळं पाणी, हा सौदा तुझ्यासाठी नेहमी फायद्याचा. रीफवर एकच माथा असतो, तिथे रांग पाळ. फुटण्याच्या जागेच्या सर्वांत जवळ जो उठला त्याची लाट. लांब बोर्डामुळे तुला लाट इतरांआधी मिळते, म्हणून प्रत्येक लाट घ्यायची नाही. एक घेतलीस की दोन सोड. लाइनअपमध्ये दहा-बाराहून जास्त डोकी दिसली तर त्या रीफवर त्या सकाळी जाऊ नकोस.

पहिले तीन दिवस वेलिगामा. चौथ्या दिवशी बोर्ड न घेता मिदिगामाला जा, लेझी राइटसमोर भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा बस. ओहोटीला कुठला दगड उघडा पडतो ते डोक्यात ठेव. पाचव्या सकाळी आत जा आणि तासाभरात बाहेर ये, दमल्यावर रीफवर एकही लाट घेऊ नकोस. पोचलीस की त्या सकाळचा पिरियड, उंची आणि भरतीची वेळ मला लिहून पाठव, आणि खांदा किती सेकंद टिकत होता तेही.

तुझी,
ताई