शेजारच्या राज्यातली स्वस्त हेल्थ पॉलिसी घेता येईल का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मिस्टरांनी नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलंय, त्यामुळे कंपनीचा इन्शुरन्स नुकताच बंद झाला. माझी नणंद पेनसिल्व्हेनियात असते, तिचा प्रीमियम बराच कमी आहे. तिचा पत्ता देऊन तिकडची पॉलिसी घेतली तर चालेल का?

उत्तर: नाही हो ताई, हे अजिबात करू नका. खोटा पत्ता दिलात तर ऐन ऑपरेशनच्या वेळी कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते, मग हॉस्पिटलचं सगळं बिल तुमच्या गळ्यात.

अमेरिकेत इन्शुरन्सवर देखरेख मुख्यतः राज्यांची, 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते पक्कं झालंय. न्यू जर्सीत पॉलिसी विकायची तर कंपनीला इथलंच लायसन्स लागतं आणि प्लॅनही इथल्या नियमांत बसावा लागतो. कटकट वाटते खरी, पण कंपनी बुडाली तर इथल्या लायसन्सवाल्या कंपनीच्या ग्राहकांमागे राज्याची गॅरंटी असोसिएशन उभी राहते, हे संरक्षण मला तरी फार मोलाचं वाटतं.

आणि राज्याची हद्द काढून टाकली की सगळं स्वस्त होईल असंही नाही. जॉर्जियाने 2011 मध्ये कायदा करून बाहेरच्या प्लॅनना दार उघडलं, तर एकही कंपनी फिरकली नाही, कारण खरी मेहनत गावोगावच्या डॉक्टर-हॉस्पिटलांशी रेट ठरवून नेटवर्क उभं करण्यात असते. नणंदेच्या प्लॅनचे डॉक्टर फिलाडेल्फियाचे असतील तर मुलाला ताप आला की तुम्ही तिकडे गाडी हाकणार का? इमर्जन्सी कुठेही कव्हर होते, पण रोजच्या तपासण्या, औषधोपचार त्यात येत नाहीत.

आता घाई करा. कव्हर गेल्यापासून 60 दिवसांत गेट कव्हर्ड न्यू जर्सीवर, म्हणजे राज्याच्या अधिकृत इन्शुरन्स साइटवर, प्लॅन घेता येतो. नवीन धंद्याचं धरून घरातलं यंदाचं एकूण उत्पन्न किती होईल याचा नीट अंदाज भरा, सबसिडी मुख्यतः त्यावर ठरते आणि प्रीमियम कदाचित नणंदेपेक्षाही कमी येईल. मिस्टरांची आधीची कंपनी कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही तोच इन्शुरन्स स्वतःच्या खर्चाने काही काळ चालू ठेवायची सोय, देत असेल तर तोही आकडा मागवा, महाग असतो पण डॉक्टर तेच राहतात. आणि फोनवर कोणी "सगळ्या राज्यांत चालतो" म्हणून स्वस्त प्लॅन गळ्यात मारायला लागला तर कार्ड नंबर देण्याआधी न्यू जर्सीच्या बँकिंग अँड इन्शुरन्स खात्याच्या साइटवर त्याचं लायसन्स तपासा.