दक्षिण फ्रान्समधल्या वालों-पों-दार्क गावी दोन मुलांसह तीन दिवस काय करावं? नदीतली ८ किलोमीटरची बोट पुरेशी आहे का?

नाही, पुरेशी नाही. तुम्ही लिहिलंय की मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत, दोघांनाही चांगलं पोहता येतं, जूनचा दुसरा आठवडा आहे आणि भाड्याची गाडी हाताशी आहे. एवढं सगळं जुळून आलेलं असताना ८ किलोमीटरवर परत फिरणं म्हणजे पायथ्याच्या गावात मिसळ खाऊन गड बघितला म्हणण्यासारखं आहे.

ही छोटी फेरी वालोंपासून शाम नावाच्या वस्तीपर्यंत असते. वाटेत पों-दार्कची कमान लागते. चुनखडकाची, ५४ मीटर उंच, आणि आर्देश नदी थेट तिच्या खालून वाहते. फोटो झकास येतात. पण नदीची खरी घळ शामच्या पुढे सुरू होते. डांबरी रस्ता शामपर्यंत नदीला धरून असतो, तिथून तो वळणं घेत डोंगरावर चढतो आणि नदी एकटी खाली उरते. १९८० साली राखीव झालेला निसर्गभागही तिथूनच पुढे आहे. म्हणजे छोटी फेरी बरोबर दाराशी संपते. माझ्या मेहुण्यांचं वर्षानुवर्षं म्हणणं आहे की वरच्या रस्त्यावरच्या पॉइंटांवरून सगळं दिसतंच, मग दोन दिवस वल्ही मारायची कशाला. वरून नदीचा आकार दिसतो हे मान्य. पण डोक्यावर सरळ उभा कडा, त्याच्या तळाला पाण्याने कोरलेली खोबण आणि दोन्ही बाजूंना रस्ता नसल्यामुळे आलेली शांतता, हे वरून मिळत नाही.

तेव्हा वालों ते सोझ अशी पूर्ण ३२ किलोमीटरची सफर करा आणि ती दोन दिवसांत करा. एका दिवसात होते, पण वल्हवण्याचेच सहा ते आठ तास लागतात आणि मुलं चौथ्या तासाला वैतागतात. राखीव भागात मुक्कामाला दोनच जागा आहेत, गो आणि गुर्निए. आधी आरक्षण हवंच. बाकी कुठल्याही वाळूवर तंबू ठोकायला आणि चूल पेटवायला बंदी आहे. लहान मुलं असतील तर गो बरी, वालोंपासून साधारण १२ किलोमीटर. म्हणजे पहिल्या दिवशी कमानीपाशी थांबायला आणि पोहायला वेळ उरतो, आणि दुसऱ्या दिवशी साधारण २० किलोमीटर राहतात. दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत पाण्यात असा. सोझहून परत नेणाऱ्या गाडीची वेळ ठरलेली असते, आणि शेवटच्या संथ पट्ट्यात समोरून वारा लागला तर वेग निम्मा होतो.

कॅनूत कोण कुठे बसणार हे काठावरच ठरवा. सासूबाई सोडून तुम्ही चौघं, तर दोन कॅनू, प्रत्येकीत एक मोठं माणूस मागे आणि एक मूल पुढे. मागचा सुकाणू सांभाळतो, पुढचा ताल धरतो आणि खडक बघून ओरडतो. जड माणूस पुढे बसलं की बोटीचं पुढचं टोक पाण्यात रुततं, मागचा भाग हलका होतो आणि बोट भोवऱ्यासारखी फिरते. नवरा-बायको एका बोटीत आणि दोन्ही मुलं दुसरीत, ही वाटणी तर अजिबात नको.

खळाळ, म्हणजे रॅपिड, आला की पाणी वाचायचं असतं. पृष्ठभागावर गुळगुळीत पाण्याचा इंग्रजी व्ही दिसतो. त्याचं टोक पुढे, प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती वाट, तिच्या मधोमध घुसा. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली खडक आहे. दुसरं, खळाळात वल्हं उचलून बसू नका. बोट पाण्यापेक्षा जोरात चालली तरच ती वळते. घाबरून हात थांबवले की बोट आडवी होते, आणि आडवी बोट खडकाला लागली की उलटते. बोट खडकाला लागलीच, तर अंग खडकाच्या बाजूला झुकवा. कोणीही स्वाभाविकपणे खडकापासून लांब झुकतं, त्याने प्रवाह येतो त्या बाजूची कड खाली जाते, प्रवाह आत शिरतो आणि बोट दुमडल्यासारखी खडकाला चिकटते. पाणी भरलेली कॅनू काही शे किलोंची होते, ती हाताने सुटत नाही.

पाण्यात पडलात तर पाय वर आणि पुढे, पाठीवर तरंगत जा. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाऊल दगडात अडकलं तर प्रवाह माणसाला पुढे आडवं पाडतो. आणि बोट व खडक यांच्या मध्ये कधीच येऊ नका, बोट नेहमी तुमच्या पुढे, प्रवाह जातो त्या बाजूला हवी. हे नियम मुलांकडून आदल्या रात्री तोंडपाठ म्हणून घ्या.

दोन जागा लक्षात ठेवा. कमानीच्या थोडं आधी शार्लमान्य नावाचा खळाळ आणि शामच्या पुढे दाँ न्वार, म्हणजे काळा दात. या दुसऱ्या ठिकाणी प्रवाह तुम्हाला नेमका त्या खडकाकडे ओढतो. कुठल्या बाजूने जायचं हे पाण्याच्या पातळीवर ठरतं, म्हणून त्याच दिवशी सकाळी बोट देणाऱ्याला विचारा. भरवसा वाटत नसेल तर काठाला लागा, मुलांना उतरवा, काठाने चालत पुढे पाठवा.

सामानाला झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप मिळतं. ते गळतं ते नेहमी एकाच कारणाने: झाकणाच्या रबरी कड्यात वाळूचा कण बसलेला असतो. बंद करण्याआधी हाताचं बोट फिरवून कडं पुसा. तरीही पासपोर्ट, गाडीची किल्ली आणि फोन वेगळ्या बंद पिशवीत घालूनच पिंपात टाका, आणि पिंप बोटीला बांधा. पायात जुने बूट हवेत. चपला पहिल्याच खळाळात वाहून जातात. जीन्स आणि ओढणी नको, अंगठी आणि मंगळसूत्र कुलपात. चष्म्याला दोरी. पाणी माणशी तीन लिटर घ्या, मुक्कामाच्या जागी पुन्हा भरता येतं. खायला घरची कोरडी चटणी आणि दशम्या असतील तर उत्तम. गुरुवारी सकाळी वालोंत बाजार भरतो, तिथून पाव आणि पिकोदों घ्या. बकरीच्या दुधाच्या चीजच्या या छोट्या चकत्यांचा तिथे फार आधार आहे. चेस्टनटचा गोड लगदा मुलं पावाला लावून खातील.

थोडं विषय सोडून, पण सांगायलाच हवं. उन्हाळ्यात या नदीला पाणी टिकतं ते काही अंशी वरच्या धरणांमुळे, आणि त्यात ल्वार नदीचं पाणीही आहे. अटलांटिकला जाणाऱ्या ल्वारचं उगमाजवळचं पाणी डोंगरातून वळवून मोंपेझाच्या वीजघरावर पाडलं जातं, १९५४ पासून, आणि ते आर्देशमधून भूमध्य समुद्राला मिळतं. पूर्वेला जाणारं कोयनेचं पाणी पोफळीला उतरवून वाशिष्ठीत सोडलं तसंच. मुलांना बोटीत बसवण्याआधी नकाशावर हे दाखवा.

उरलेला एक दिवस शोव्हे गुहेच्या प्रतिकृतीला द्या. आमच्याकडे यावरूनही वाद होतो की नकली गुहा कशाला बघायची. १८ डिसेंबर १९९४ ला तिघा गुहाशोधकांना मूळ गुहा सापडली. आतली चित्रं सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची आहेत. ती लोकांसाठी कधी उघडलीच नाही, कारण लास्को या फ्रान्समधल्याच दुसऱ्या चित्रगुहेत माणसांच्या श्वासाने आणि उजेडाने भिंतींची काय दशा झाली ते सगळ्यांनी बघितलं होतं. लास्को १९६३ ला बंद करावी लागली. २०१५ ला उघडलेल्या प्रतिकृतीत सिंहांचा तो शिकारी कळप, गेंडे आणि दगडावर ठेवलेली अस्वलाची कवटी आकारासकट उभी केली आहे. खडकाचा फुगवटा बघून त्यावर प्राण्याचं अंग कसं बसवलंय ते सपाट फोटोत कळत नाही, तिथे कळतं. फेरी तासाभराची, वाटाड्यासोबतच, आत फोटो नाहीत, गारवा असतो म्हणून मुलांना पूर्ण बाह्या. तिकीट आधी काढा. खरी गुहा कमानीजवळच्या कड्यात आहे. नदी पूर्वी तिथे मोठा वळसा घालायची, कमानीखालून वाट मिळाल्यावर तो वळसा सुकला आणि आज त्यात द्राक्षमळे आहेत. म्हणून आधी प्रतिकृती, मग नदी, हा क्रम ठेवा. कमानीखाली पोचल्यावर मुलं स्वतःच विचारतील, गुहा कुठल्या बाजूला.

वेळ उरला तर ओर्न्याकची लवणस्तंभांची गुहा, पायऱ्या उतरून जायचं, वर यायला लिफ्ट. आणि वरचा रस्ता, हो, तोही करा, सेर द तूरपासून मादलेनपर्यंतचे पॉइंट संध्याकाळी. नदी उतरून आल्यावर.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. सात वर्षांखालच्या आणि २५ मीटर पोहू न शकणाऱ्या कोणालाही कॅनू मिळत नाही, त्यामुळे सोबत येणाऱ्या तुमच्या सासूबाईंना पोहता येत नसेल तर त्यांचा बेत वेगळा करावा लागेल, गावात एकट्या ठेवू नका. पाणी वाढलं की बोटी बंद होतात, पैसे परत मिळण्याचे नियम आधी वाचा. दुसऱ्या दिवशी हवामान बिघडणार असेल तर ३२ चा हट्ट सोडून पहिल्याच दिवशी शामला उतरा. सप्टेंबरनंतर येणाऱ्यांनी तर खास जपावं, सेव्हेन डोंगरात पाऊस पडला की ही नदी तासांत चढते, १८९० च्या सप्टेंबरातला पूर तिथले लोक अजून सांगतात. गावातली हॉटेलं दुपारचं जेवण १२ ते २ याच वेळात देतात, अडीचला पोचलात तर चूल बंद. रेल्वे वालोंपर्यंत नाही, जवळचं सोयीचं स्टेशन मोंतेलिमार, गाडी तिथूनच घ्या.