48 टीबीच्या डिस्क, पण भरायच्या किती?

प्रश्न : ऑफिसातल्या 3 सर्व्हरवर सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठवण करणारं सॉफ्टवेअर) बसवलं आहे. प्रत्येकात 4 टीबीच्या 4 डिस्क. तीन प्रती ठेवतो, म्हणून 48 पैकी 16 टीबी वापरता येतील असं धरलं होतं. 11 टीबी भरले असताना एक डिस्क गेली आणि दुरुस्ती अर्ध्यावरच अडकली. असं का झालं?

उत्तर : 16 हा आकडा सगळ्या डिस्क धडधाकट असतानाचा. तुमच्याकडे दर सर्व्हरवर एक प्रत असते. त्यामुळे गेलेल्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही, तिथे त्याची प्रत आधीच आहे. तो त्याच सर्व्हरच्या उरलेल्या 3 डिस्कमध्ये मावायला हवा. 11 टीबीला प्रत्येक डिस्क सुमारे 69 टक्के भरते. चार डिस्कचा डेटा तिघींवर आला की 92 टक्के. सेफ मूळ सेटिंगनुसार 85 ला इशारा देतं, 90 ला त्या डिस्कवर दुरुस्तीचा डेटा घेणं थांबवतं आणि 95 ला लिहिणंच बंद करतं. शिवाय डिस्क कधीच सारख्या भरत नाहीत, आणि एकच डिस्क 95 ला पोचली तरी अख्खा पूल (या डिस्कवरची सामाईक साठवण) अडतो. म्हणून सरासरी पाहू नका, 'सेफ ओएसडी डीएफ' (ceph osd df) या कमांडच्या यादीतली सर्वांत भरलेली डिस्क पाहा.

आता नवी डिस्क त्याच सर्व्हरमध्ये घाला. दुसरीकडे घालून इथली जागा वाढणार नाही. तोवर बाकीचे दोन सर्व्हर रीस्टार्ट करू नका. ज्या डेटाच्या दोनच प्रती उरल्यात, त्यातली एक गेली की त्याचं वाचन-लेखन थांबेल. 90 ची मर्यादा वर सरकवता येते, पण 95 जवळ असताना तो जुगार आहे.

पुढचा हिशेब असा करा : एक डिस्क गेल्यावरही उरलेल्या 85 च्या आत राहायला हव्यात, म्हणजे सगळ्या चालू असताना 64 टक्क्यांपर्यंतच भरायच्या. तुमची खरी क्षमता 10 टीबी.

प्रश्न : मग दोनच प्रती ठेवल्या तर?

उत्तर : कागदावर 24 टीबी होतात. पण किमान प्रतींची अट (काम चालू राहायला किती प्रती हजर हव्यात) 2 ठेवली तर साध्या अपडेटसाठी एक सर्व्हर बंद केला तरी काम थांबेल. अट 1 केली तर त्या वेळात लिहिलेला डेटा एकाच डिस्कवर असेल, आणि ती गेली की तो परत मिळणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक सर्व्हरमध्ये पाचवी डिस्क घाला. मग 68 टक्क्यांपर्यंत भरता येतं.