छिन्नी लावण्याआधी : प्लंबिंगचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न (डोंबिवली) : आमच्या बाथरूमच्या छताला ओलीचा मोठा डाग पडला आहे. वरच्या फ्लॅटचे लोक म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. प्लंबर म्हणतो, वरची सगळी लादी काढावी लागेल. खरंच लागेल का?

उत्तर : इतक्यात नाही. पाणी कुठल्या वाटेनं येतंय हे कळल्याशिवाय एकही लादी फोडू देऊ नका. बाथरूमच्या आतल्या वाटा तीनच असतात : पुरवठ्याची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि फरशी.

आधी डागावर लक्ष ठेवा. वरचं घर आठ दिवस बंद असूनही थेंब पडत राहिले, तर दाबाखालच्या, म्हणजे पुरवठ्याच्या, लाइनवर संशय घ्यायचा. अंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालची, पाणी धरून ठेवणारी वाटी) किंवा फरशी. फक्त पावसात उमटत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) पाइप. यात एक फसगत होते. बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांची भर घातलेली असेल, तर ती भर पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. म्हणून नुसत्या निरीक्षणावर थांबू नका, चाचण्या करा, आणि त्याही याच क्रमानं.

पहिली, दाबाची. वरच्या फ्लॅटमधल्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून गिझरचे दोन्ही कनेक्शन पाइप काढायचे. गिझर, फ्लश टँक, जेट स्प्रे असे सगळे पॉइंट प्लग लावून बंद करायचे. मग एका नळाच्या जागी दाब तपासायचा हातपंप जोडून, लाइनमधली हवा काढून, ५ ते ६ किलोपर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला) दाब चढवायचा आणि तासभर काट्याकडे बघायचं. काटा खाली आला तर लाइन गळते आहे. गार आणि गरम लाइन वेगवेगळी तपासा. फ्लश टँकचा बॉल कॉक (टँक भरला की बंद होणारा नळ) प्लग करायचा राहिला तर काटा त्याच्यामुळेच उतरतो आणि भिंत उगाच फुटते, ही चूक नेहमी होते.

दुसरी, सांडपाण्याची. फरशी कोरडी ठेवून, रबरी नळीनं थेट नहाणी ट्रॅपमध्ये दोन-तीन बादल्या रंगीत पाणी सोडा. खाण्याचा रंग वापरा, तो पाण्यात पूर्ण विरघळतो. खाली रंग उतरला तर ट्रॅप किंवा त्याचा जोड गेलेला आहे.

तिसरी, फरशीची. प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा बांधून ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा. उंबऱ्याची उंची बघून फरशीवर इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. या वेळी पाण्याचा रंग वेगळा घ्या, म्हणजे आधीच्या चाचणीशी घोळ होणार नाही. पातळी उतरली आणि खाली हा रंग दिसला, तर पाणी फरशीतून जातंय.

बहुतेक वेळा दोष निघतो तो ट्रॅपची कड आणि फरशी यांच्या सांध्यात. तिथे ट्रॅपभोवती दीड-दोन फुटांचा चौकोन उघडून, वॉटरप्रूफिंग करून पुन्हा बसवलं की काम होतं. नुसत्या लाद्यांच्या फटींतून पाणी जात असेल तर जुना ग्राउट (फटींत भरलेला लेप) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, लादी हलवायची गरज नाही. दाबाची लाइन गळत असेल तर गळकी जागा शोधत भिंत उकरत बसण्यापेक्षा ती लाइन बंद करून भिंतीवरून उघडी नवी सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकची) लाइन फिरवणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. दिसायला थोडी वाईट दिसते, पण पुढची गळती डोळ्यांसमोर असते.

खर्चाबद्दल : महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंची त्या सदस्यानं. म्हणून चाचण्या करताना वरचे शेजारी आणि संस्थेचा एक पदाधिकारी समोर असू द्या, फोटो काढून ठेवा. दुरुस्तीनंतरही भरीतलं जुनं पाणी काही आठवडे झिरपू शकतं. छत पूर्ण वाळेपर्यंत रंगारी बोलवू नका.

प्रश्न (सातारा) : बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मोठा रेन शॉवर बसवला. तळमजल्यावर जोरात पाणी येतं, वर मात्र नुसती धार पडते. पाइप तुंबला असेल का?

उत्तर : तुंबण्याआधी उंचीचा हिशेब करू. १० मीटर उंचीच्या पाण्यानं साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. तुमच्या टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापेक्षा दीड-दोन मीटरच वर असेल, तर दाब ०.१५ ते ०.२ किलो. त्यातलाही काही एल्बो (पाइपची वळणं) आणि पाइपच्या घर्षणात जातो. रेन शॉवरला एवढ्यात भागत नाही. तळमजल्याला आणखी तीन मीटर उंची फुकट मिळते, म्हणून तिथे तक्रार नाही.

तरीही आधी स्वस्तातले उपाय करा. शॉवरची छिद्रं क्षारांनी बुजली असतील तर त्याचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. गार-गरम पाण्याच्या मिक्सर नळाच्या जाळ्या काढून धुवा. टाकीतून खाली येणारा मुख्य पाइप २० किंवा २५ मिमीचा असेल तर ३२ मिमीचा करा. पाणी मधेच थांबून फुर्रफुर्र करत येत असेल तर लाइनमध्ये हवा अडकते आहे. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक टी (तीन तोंडांचा जोड) घालून १५ किंवा २० मिमीचा उभा हवेचा पाइप टाकीच्या झाकणापेक्षा वर न्या, त्याचं तोंड उघडं ठेवून जाळी बांधा. अनेक घरांत हा पाइप घातलेलाच नसतो.

टाकी उचलायची असेल तर भरलेल्या १००० लिटर टाकीत पाण्याचंच वजन एक टन असतं, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय विटांचे खांब उभारू नका. शेवटचा उपाय प्रेशर पंप. तो टाकीनंतरच्या लाइनवर लावायचा, सोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आणि वीज गेल्यावर पाणी चालू राहावं म्हणून बायपास (पंपाला वळसा घालणारी लाइन) ठेवायचा. गिझरच्या पट्टीवर लिहिलेला कमाल दाब बघूनच पंप निवडा. नगरपालिकेच्या लाइनला थेट पंप लावू नका : तो बेकायदा तर आहेच, शिवाय ओढीमुळे बाहेरच्या भेगांतून गटाराचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरतं.

प्रश्न (नांदेड) : सीपीव्हीसीचा जोड दोनदा केला, दोन्ही वेळा निसटला.

उत्तर : बहुधा पाइप ओला होता. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर बारीक थेंब येत राहतो आणि सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) धरत नाही, तेव्हा आधी तो व्हॉल्व्ह बदला. पाइप काटकोनात कापा, कडेचा कीस काढा. सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट वापरा, साध्या पीव्हीसीचं नको. पाइपला सगळीकडून नीट आणि सॉकेटमध्ये पातळ लावून, पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच सोडलं तर पाइप आपोआप मागे सरकतो. दाब देण्याआधी डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. आट्यांच्या जोडाला पितळी आट्यांचं फिटिंग घ्या. आटे स्वतःकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळा. उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

प्रश्न (रत्नागिरी) : सुट्टीतच वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो.

उत्तर : नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं आहे. वास अडवतो तो त्यातला सुमारे ५० मिमी पाण्याचा थर. तांब्याभर पाणी ओता. घर महिनाभर बंद राहणार असेल तर वर दोन चमचे गोडं तेल सोडा, पाणी उडत नाही. पाणी ओतूनही दोन दिवसांत वास आला तर ट्रॅप फुटलेला असू शकतो.

प्रश्न (ठाणे) : सिंक तुंबलं की ड्रेन पावडर टाकतो. आता तीही चालत नाही.

उत्तर : ती कॉस्टिक सोडा असते, पाण्यात पडली की तापते आणि तुंबलेल्या जागी साचून प्लास्टिकचा पाइप मऊ करते. तिच्यावर संडास साफ करायचं ॲसिड कधीही ओतू नका, उकळून अंगावर उडतं. सिंकखाली बादली ठेवा, बॉटल ट्रॅपची खालची वाटी हातानं फिरवून काढा, तेलकट साका धुवा आणि आतलं रबरी वायसर जागेवर बसवून हातानंच आवळा. पावडर आधी टाकली असेल तर हातमोजे आणि चष्मा घालूनच ट्रॅप उघडा, आणि प्लंबरला बोलावणार असाल तर दारातच त्याला तसं सांगा.